वाचकांचे प्रश्न : घरच्या कढईतलं स्वस्त आशियाई जेवण

चायनीज, थाई, इंडोनेशियन धाटणीचं शाकाहारी जेवण घरी, कमी खर्चात करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. भात गोळा होतो, कोबी गळतो, टोफू फुटतो, मोमो फाटतात. चारही तक्रारींचं मूळ पाण्यात आहे. नको तिथे राहिलेलं पाणी काढून टाकलं की निम्मी कामं आपोआप सुधारतात. महागड्या बाटल्यांचा क्रमांक त्याच्या बराच नंतर लागतो.

खालच्या उत्तरांत वाटी १५० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान चमचा ५ मिलीचा धरला आहे. प्रमाण चार जणांचं आहे. जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : फ्राइड राइसचा भात दर वेळी चिकटतो आणि शेवटी मसालेभातासारखा ओलसर लागतो. बासमतीच घ्यायला हवा का? (सुदामा नगर, इंदूर)

अख्ख्या बासमतीवर पैसे घालवू नका. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा जवळच्या वाण्याकडे बासमतीचा दुबार मिळतो. दाणा तुटका असला तरी स्वभाव बासमतीचाच, म्हणजे शिजल्यावर सुटा राहणारा. कालीमूंछही चालतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मात्र घेऊ नका. त्यांचा चिकटपणा वरणभाताला गोड लागतो, इथे तोच नडतो.

दोन वाट्या दुबार तीन-चार पाण्यांतून, पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा आणि वीस मिनिटं भिजवा. पातेल्यात दोन लिटर पाणी दोन लहान चमचे मीठ घालून उकळा. तांदूळ निथळून त्यात सोडा आणि झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं शिजवा. शीत बोटांत दाबलं की मधे बारीकसा टणक ठिपका लागला पाहिजे. त्या क्षणी चाळणीत ओता. कुकरचा भात इथे फसतो तो यामुळेच : त्यात सगळं पाणी भातातच मुरतं आणि सुटलेला स्टार्चही दाण्यांवरच बसतो. ओतून दिलेल्या पाण्याबरोबर तो निघून जातो.

निथळलेला भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवा. वर झाकण किंवा ताट ठेवू नका, वाफेचं पाणी होऊन परत भातावरच पडतं. अर्ध्या तासानं भात डब्यात भरून फ्रिजमध्ये चार तास किंवा रात्रभर ठेवा. गार झाल्यावर दाण्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून शिळा भात परतताना मोडत नाही. घाई असेल तर पंख्याखालचा तासाभराचा भातही बरा होतो.

एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. फोडणीच्या भातासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय मोडा, इंदूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात हे जीवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. शिजल्यापासून तासाभरात भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे.

परतताना आधी भाज्या परतून ताटात काढून ठेवा. त्याच कढईत एक मोठा चमचा तेल तापवून निम्माच भात घाला, मोकळा करा, दोन मिनिटं हात न लावता तापू द्या, मग हलवा. उरलेला भात तसाच करा. शेवटी सगळं एकत्र करून दीड मोठा चमचा सोया सॉस कढईच्या कडेनं सोडा. तापलेल्या लोखंडावर तो चर्रकन आटतो आणि वास खुलतो; थेट भातावर ओतला तर तेवढीच शितं काळी आणि ओली होतात. मीठ चाखूनच घाला.

प्रश्न : खोलीत फक्त इंडक्शन आहे. भाज्या कुरकुरीत न राहता वाफवल्यासारख्या होतात. हॉटेलचा तो धुरकट वास घरी येऊच शकत नाही का? (भंवरकुआ, इंदूर)

पूर्ण नाही, पण जवळ जाता येतं. घरचा बर्नर साधारण दोन-तीन किलोवॉटचा, हॉटेलच्या भट्टीची आच त्याच्या कितीतरी पट. तिथे भाजीतून सुटलेलं पाणी लगेच वाफ होऊन जातं. घरी तेच पाणी कढईत साचतं आणि भाजी त्यात शिजते. आच वाढवता येत नसेल तर भाजी कमी घाला. २५ सेंटीमीटरच्या कढईत एका वेळी पाव किलो, त्याहून जास्त नको. अर्ध्या किलोचे दोन घाणे करा. दोन घाण्यांना मिळून एका भरगच्च कढईपेक्षा कमी वेळ लागतो.

इंडक्शनवर गोल बुडाची कढई निरुपयोगी. सपाट बुडाचा जाड लोखंडी डोशाचा तवा घ्या आणि तो उचलून हलवू नका, काचेपासून सुटला की तापणं थांबतं. उलथन्यानंच परता. तव्यावर पाण्याचा थेंब नाचला की तेल, तेलातून हलकी धुराची रेघ दिसली की भाजी. साधं ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही. नॉनस्टिक भांडं रिकामं इतकं तापवू नये, त्याचा थर खराब होतो.

भाज्या तासभर आधी धुऊन पंच्यावर पसरा. गाजर आणि फरसबी आधी, दोन मिनिटांनी कोबी, शेवटच्या मिनिटात शिमला मिरची, आणि मीठ गॅस बंद करताना. आधी घातलेलं मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. झाकण अजिबात नको.

प्रश्न : टोफूचं पाकीट महाग पडतं. सोयाबीन तर आपल्या माळव्याचंच पीक. घरी टोफू करता येईल का? आमचा एकदा भुसभुशीत झाला आणि कच्चट वास आला. (लोकमान्य नगर, इंदूर)

जरूर करा. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे, आजूबाजूची शेतं या पिकानं भरलेली असतात, आणि तरी आपल्या घरांत सोयाबीन फार क्वचित शिजतं. खर्चाचा अंदाज घ्या : २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे पाव किलोला तेरा-चौदा रुपये. वाण्याकडे थोडे जास्त पडतील. त्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास टोफू होतो, चार जणांना पुरतो.

आधी सावधगिरी. पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं कधीही खायला वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. शेतावरून पोतं आलं असेल तर ते खाण्याचंच आहे ना, हे विचारून घ्या.

पाव किलो सोयाबीन निवडून भरपूर पाण्यात भिजवा, उन्हाळ्यात आठ तास, थंडीत बारा. दाणा दुभंगून बघा. आतली बाजू सपाट आणि एकाच रंगाची दिसली की भिजलं, मधे खळगा असेल तर अजून थांबा. हे पाणी फेकून द्या.

आता कच्चट वासाचं. सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. गार पाण्यात वाटलं की ते तेलावर काम करतं आणि तो हिरवट वास तयार होतो. गरम पाण्यात वाटल्यावर ते निकामी होतं. म्हणून एक लिटर कडक गरम पाणी घेऊन तीन-चार वेळा थोडं थोडं वाटा. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकणावर फडकं धरा, वाफेच्या दाबानं झाकण उडू शकतं. वाटण पाच-सहा लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात काढून आणखी एक लिटर पाणी घाला.

मध्यम आचेवर ठेवून तळापासून हलवत राहा. थोड्या वेळात फेस भराभर वर येतो आणि उकळी आल्यासारखं वाटतं. ती खोटी उकळी. आच कमी करून, फेस खाली बसवून, खरी उकळी फुटल्यावर पुढे दहा मिनिटं मोजा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते या दहा मिनिटांत जातात. इथे घाई केली तर पोट दुखणारच.

ओल्या सुती पंच्यातून गाळून घट्ट पिळा. साधारण दीड लिटरहून थोडं जास्त दूध निघेल. पुन्हा गरम करून गॅस बंद करा आणि पाच मिनिटं थांबा, म्हणजे ते ७५ ते ८० अंशांवर येईल. चार मोठे चमचे लिंबाचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन वेळा विभागून घाला. प्रत्येक वेळी डाव तळापासून एकदाच, अलगद फिरवा. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. वर पिवळसर निवळ पाणी दिसलं की साधलं. पाणी अजून दुधाळ असेल तर एक मोठा चमचा रस आणखी.

चाळणीत पंचा अंथरून साका डावानं अलगद भरा, घडी घाला, वर ताटली आणि दोन लिटर पाण्याची बाटली ठेवा. अर्ध्या तासानं वडी सोडवून तासभर गार पाण्यात ठेवा, लिंबाचा आंबटपणा उतरतो. फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून, तीन दिवस टिकतो.

तुमचा टोफू भुसभुशीत झाला कारण दूध खळखळतं असताना रस पडला, किंवा जास्त पडला, किंवा जोरात ढवळला गेला. यातलं काहीही झालं की साका लहान आणि कोरडा होतो आणि वडी एकसंध बसत नाही. उलट वडी लिबलिबीत राहिली तर दूध पातळ होतं असं समजा, पुढच्या वेळी अर्धा लिटर पाणी कमी घाला.

तळण्याआधीची युक्ती ऐकायला उलटी वाटते. दोन सेंटीमीटरचे तुकडे खारट गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. मिठाच्या गरम पाण्यानं आतलं पाणी बाहेर येतं आणि चवही आत जाते. मग कोरडे पुसून दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोरमध्ये घोळवा आणि थोड्या तेलात प्रत्येक बाजू तीन मिनिटं, सारखी न हलवता, सोनेरी करा.

पंच्यात उरलेला चोथा टाकू नका. एक वाटी चोथा, एक वाटी भाजणी, कांदा आणि कोथिंबीर यांचं थालीपीठ मऊ होतं. चोथा मात्र पटकन आंबतो, फ्रिजमध्ये एका दिवसाहून जास्त ठेवू नका. आणि हा सगळा खटाटोप ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सोया वडी आहेच : ५० ग्रॅम वडी पाच मिनिटं उकळा, दोनदा गार पाण्यात पिळा, मग टोफूसारखीच वापरा.

प्रश्न : दुकानात सॉसच्या पंधरा बाटल्या दिसतात. त्यातल्या खरोखर लागणाऱ्या कोणत्या? शाकाहारी लोकांनी काय बघावं? (तिलक नगर, इंदूर)

दोनच. सोया सॉस आणि पांढरं व्हिनेगर. बाकी घरात आहे.

सोया सॉस घेताना घटकांची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी आणि 'नॅचरली ब्रूड' असं असेल तर तो आंबवून केलेला आहे. थोडा महाग, पण निम्मा पुरतो. स्वस्त बाटल्यांत बहुधा रंग आणि साखर जास्त असते, त्या रंगाला ठीक. दोन्हींत मीठ भरपूर : एका मोठ्या चमचाभर साध्या सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून जास्त मीठ येतं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रंग फिका वाटला म्हणून सॉस वाढवणं ही खारट जेवणाची सगळ्यात नेहमीची वाट आहे. रंग हवा असेल तर लहान चमचाभर साखर तेलात तांबूस करून घ्या.

मिरची सॉसऐवजी पुढच्या उत्तरातली चटणी वापरा. चायनीज जेवणातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपल्या घाण्याचं कच्च्या तिळांचं तेल त्याला पर्याय नाही. दोन मोठे चमचे तीळ खमंग भाजून, भरडून, तेवढ्याच कोमट तेलात तासभर ठेवा. शेवटी लहान चमचाभर वरून.

शाकाहारी लोकांनी हिरवा ठिपका बघितल्याशिवाय बाटली घेऊ नये. ऑयस्टर सॉस कालवांचा, फिश सॉस माशांचा, वूस्टरशर सॉसच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासा. थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा सुक्या कोळंबीची पेस्ट असते आणि किमचीत फिश सॉस. पाकिटावर भाज्यांचं चित्र आहे एवढ्यावर विसंबू नका.

प्रश्न : चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो. मग हे जेवण विसरायचंच का? (रामबाग, इंदूर)

मुळीच नाही. चीनमधल्या बौद्ध मठांचा स्वयंपाक शतकानुशतकं कांदा, लसूण आणि त्यांच्या भाऊबंदांशिवाय चालत आला आहे. त्यांच्या वर्ज्य यादीत तर हिंगही येतो. म्हणजे तुम्ही काही कमी करत नाही आहात.

आलं वाढवा : चार जणांना दीड मोठा चमचा, किसून नव्हे तर काडीसारखं चिरून. कोबीचा देठ आणि फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परता, कांद्याचा गोडवा त्यातून येतो. टोमॅटो एक, सोया सॉसबरोबर आटवून. पातीऐवजी सेलरी मिळाली तर उत्तम, नाही तर कोथिंबिरीच्या काड्या.

प्रश्न : घरची शेजवान चटणी एकतर नुसती जाळते, नाहीतर चार दिवसांत बुरशी धरते. (राजेंद्र नगर, इंदूर)

जाळते कारण सगळी मिरची एकाच जातीची आहे. निमाडातून येणारी मिरची तिखट. तिच्या चार घ्या आणि रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी बारा. बिया झटकून अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. निथळून, गरज पडली तर एक-दोन चमचेच पाणी घालून, वाटा.

पाच मोठे चमचे तेल मंद तापवून दोन मोठे चमचे बारीक चिरलेला लसूण आणि एक चमचा आलं घाला. लसूण पांढराच असताना वाटण घाला, तांबूस झाला तर पुढे कडवट होतो. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. मग एक मोठा चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा साखर, एक लहान चमचा मीठ आणि एक चमचा सोया सॉस.

बुरशी येते कारण तेल सुटायच्या आधी गॅस बंद होतो आणि वाटणातलं पाणी तसंच राहतं. कोरडी बाटली, वर तेलाचा थर, कोरडा चमचा, आणि जागा फ्रिजमध्येच. तेलातला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. दोन आठवड्यांत संपवा.

चीनच्या ज्या सिचुआन प्रांतावरून शेजवान हे नाव आलं, तिथल्या खऱ्या जेवणात जीभ झिणझिणवणारं एक फळ असतं. आपलं कोकणातलं तिरफळ त्याच्याच झँथोझायलम वंशातलं. माशाच्या आमटीसाठी कोणी आणलं असेल तर चार-पाच मागून घ्या. आतली काळी बी काढून टाका, नुसती साल कोरडी भाजून कुटा आणि चटणीत शेवटी चिमूटभर मिसळा. बाटलीबंद शेजवानमध्ये ही चव सापडत नाही.

प्रश्न : नारळाचं दूध न वापरता होणारा थाई किंवा तसा काही स्वस्त पदार्थ सांगाल का? (नारायण बाग, इंदूर)

इंडोनेशियाचं गाडो-गाडो करा. उकडलेल्या भाज्या, टोफू आणि वर शेंगदाण्याचा दाट सॉस. ज्या घरात दाण्याच्या कुटाचा डबा कधी रिकामा नसतो, त्या घरासाठीच जणू हा पदार्थ आहे.

शंभर ग्रॅम दाणे मंद भाजून, सालं पाखडून, तेल सुटेपर्यंत वाटा. कूट वापरायचं तर ताजं हवं, खवट दाणा लपत नाही. त्यात दोन लसूण पाकळ्या आणि दोन भिजवलेल्या लाल मिरच्या वाटून घाला. एक मोठा चमचा गूळ, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, दोन लहान चमचे सोया सॉस आणि एक वाटी पाणी घालून मंद आचेवर पाच मिनिटं शिजवा. कढीइतका दाट हवा. गार झाल्यावर आणखी आळतो, म्हणून थोडा पातळच उतरवा. तेल वेगळं तरंगायला लागलं तर दोन चमचे गरम पाणी घालून घोटा, परत एकजीव होतो. गोड, आंबट, खारट, तिखट या क्रमानं चाखत दुरुस्त करा. आमच्या मते आंबट कमी पडलं की हा सॉस जड होतो.

भाज्यांत बटाटा, फरसबी किंवा चवळीच्या शेंगा, कोबी, काकडी, आणि मोड आलेले मूग. तिकडचे लांब पांढरे मोड म्हणजे आपलेच मूग, फक्त अंधारात जास्त दिवस वाढवलेले. आठ तास भिजवून चाळणीत ठेवा, वर ओलं फडकं आणि ताटली, दिवसातून तीन-चार वेळा पाणी, तीन ते पाच दिवस. उकळत्या पाण्यात वीस सेकंदच बुडवा. सगळ्या भाज्या नीट निथळल्याशिवाय सॉस ओतू नका, नाहीतर ताटात पाण्याचं तळं होतं.

प्रश्न : नूडल्स घरी लाटता येतात का? (वैशाली नगर, इंदूर)

चकोल्या लाटता येत असतील तर येतात. पाव किलो मैदा, एक लहान चमचा मीठ, ११० मिली पाणी. पीठ कोरडं आणि हट्टी वाटेल, तरी पाणी वाढवू नका. गोळा झाकून अर्धा तास ठेवा, पुन्हा पाच मिनिटं मळा, पुन्हा अर्धा तास. मग ते सुतासारखं सरळ होतं.

पिवळसर, चिवट नूडल्स हव्या असतील तर पाण्यात पाव लहान चमचा पापडखार विरघळवा. जपान आणि चीनच्या कितीतरी नूडल्समध्ये असाच क्षार असतो. त्यानं मैद्याचं ग्लुटेन घट्ट होतं आणि नूडल उकळताना विरघळत नाही. अर्ध्या चमच्यावर गेलात तर साबणासारखी चव येईल.

दोन मिलिमीटर जाड पोळी लाटून, कॉर्नफ्लोर भुरभुरून, सैल घड्या घालून चार मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि लगेच मोकळ्या करा. अडीच लिटर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. एकदम सगळ्या टाकू नका. गार पाण्याखाली धुऊन, निथळून, लहान चमचाभर तेल चोळा. बाटी-बाफल्यांसाठी दळून आणलेलं जाडसर पीठ इथे चालत नाही, पट्ट्या तुटतात. पोळीची बारीक कणीक निम्मी मिसळलेली चालते.

प्रश्न : मोमो वाफवताना फाटतात आणि सारण पाणचट होतं. (स्नेहलतागंज, इंदूर)

सारणाचं पाणीच पारी फाडतं. पाव किलो कोबी आणि एक गाजर बारीक चिरून अर्धा लहान चमचा मीठ लावा, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. अर्धी वाटी पाणी सहज निघतं, ते सूपला वापरा. मग आलं, मिरी, चमचाभर तेल. शिजवू नका.

मैदा २०० ग्रॅम, पाणी १०० मिली, अर्धा तास झाकून. पारी कडेला पातळ, मधे जाड. आपण मोदकाला घालतो त्याच कळ्या इथेही. इडलीपात्राच्या चाळणीला तेल लावा किंवा कोबीची पानं अंथरा, खालचं पाणी आधी उकळू द्या, मग दहा मिनिटं. झाकणाला फडकं बांधा, थेंब पडले की पारी चिकट होते.

प्रश्न : मंचुरियनची ग्रेव्ही दाट होते आणि जेवायला बसेपर्यंत पाणी सुटतं. (मनोरमागंज, इंदूर)

मुंबईत नेल्सन वाँग यांच्या नावावर सांगितला जाणारा हा पदार्थ कॉर्नफ्लोरवर उभा आहे, आणि कॉर्नफ्लोर नाजूक असतं. दोन वाट्या पाण्याला दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोर, गार पाण्यात कालवून, ओतण्याआधी पुन्हा ढवळून. खळखळ उकळी एक मिनिट, बस. जास्त उकळलं किंवा आधीच व्हिनेगर घातलं तर दाटपणा मोडतो. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घाला. चाखलेला चमचा परत पातेल्यात घालू नका, लाळेतलं एन्झाइम स्टार्च विरघळवतं. भजी वाढतानाच ग्रेव्हीत घाला.

प्रश्न : अजिनोमोटो घालावा की नाही? (स्कीम ७८, इंदूर)

घातला तरी चालतो, नाही घातला तरी अडत नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. टोमॅटोत तीच निसर्गतः असते. घालायचाच तर चार जणांच्या भाताला पाव लहान चमचा, आणि त्या दिवशी मीठ थोडं कमी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात घालू नका.